एमजीबी घरी असेल तर: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एमजीबी ही एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. ती १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं. आपल्या ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसी इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे जुन्या मेकॅनिकचा हात या इंजिनावर लगेच बसतो. पण नातं आहे म्हणून ॲम्बॅसिडरचा पिस्टन किंवा हेड गॅस्केट आणून ठेवू नका. बसणार नाही.

या गाडीत आपोआप बिघडणाऱ्या गोष्टी थोड्या आणि कुणीतरी "जरा ॲडजस्ट करून" बिघडवलेल्या जास्त. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं, ते इथे लिहिलं आहे.

आधी गाडी ओळखा

भाग मागवताना "एमजीबी, सत्तर साल" एवढं सांगून भागत नाही. चॅसिस नंबरची सुरुवात बघा. जीएचएन म्हणजे उघडी रोडस्टर, जीएचडी म्हणजे पक्क्या छताची जीटी. पुढचा आकडा ३, ४ किंवा ५ असतो, तो मॉडेल सांगतो. इंजिन नंबर १८जी किंवा १८जीए ने सुरू होत असेल तर क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगांवर आहे. १८जीबी पासून पुढे पाच बेअरिंगं. दोघांचे क्रँक आणि बेअरिंग सेट वेगळे. शिवाय इंजिन कधी बदललेलं असेल तर पुस्तकातलं साल उपयोगी पडत नाही, ब्लॉकवरचा नंबरच खरा.

नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ नंबरचा पाना चढतो, आणि नेमकी तिथेच फसगत होते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. ०.३ मिलिमीटरच्या ढिलाईने नटाचे कोपरे गोल होतात आणि पुढच्या वेळी छिन्नी लावावी लागते. ७/१६, १/२ आणि ९/१६ इंच हे तीन पाने घरी ठेवलेत तरी बरीच कामं निघतात.

आधी ठिणगी, मग कार्बोरेटर

गाडी गचके खाते, पिकअप नाही, स्लोवर बंद पडते: दोन कार्बोरेटर समोरच दिसतात म्हणून सगळ्यांचा हात तिकडे जातो. त्याआधी इंजिन थंड असताना टॅपेट ०.०१५ इंचाला लावा. पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच, प्लगची ०.०२५ इंच. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आतला कार्बनचा खुंट झिजला आहे का, रोटरला बारीक तडा आहे का ते उन्हात धरून पाहा. मग टायमिंग.

एवढं झाल्यावरही तक्रार उरली, तरच एसयूकडे, म्हणजे एसयू कंपनीच्या त्या दोन कार्बोरेटरांकडे वळा. एसयू हे यंत्र सोपं आहे. आत एक पिस्टन असतो, इंजिनच्या ओढीने तो वर उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि पेट्रोलची वाट मोठी होते. हवा किती आणि पेट्रोल किती, हे पिस्टन स्वतःच ठरवतो. म्हणून तो अडकला की सगळंच बिनसतं.

वरची पितळी किंवा काळी टोपी फिरवून तिला लावलेला डँपर (पिस्टनची उडी आवरणारा दांडा) बाहेर काढा. आत तेल दिसलं पाहिजे. १९७२ च्या आसपासपर्यंतच्या एचएस४ कार्बोरेटरात पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या तोंडापासून सुमारे १३ मिलिमीटर वर येईल इतकं २० ग्रेडचं तेल घाला. हे तेल वंगणासाठी नसतं. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की पिस्टनने झटकन उडी मारू नये म्हणून ते असतं. तेल संपलं की पिस्टन उडतो, हवा भसकन आत जाते, पेट्रोल मागे पडतं आणि गाडी क्षणभर गुदमरते. पुष्कळदा "कार्बोरेटर गेला" म्हणून आलेल्या गाडीचं दुखणं दोन चमचे तेलाचं असतं.

डँपर जागेवर ठेवून बोटाने पिस्टन उचला. वर जाताना जड लागला पाहिजे, सोडला की सुरळीत खाली येऊन "टक्" आवाज झाला पाहिजे. टक् ऐकू आला नाही तर टोपाच्या (पिस्टनवरच्या घुमटाच्या) आत मळ आहे किंवा जेट मध्यावर नाही. टोप आणि पिस्टन पेट्रोलने धुऊन मऊ कापडाने पुसा. पॉलिश पेपर लावू नका आणि भिंतीला तेल चोपडू नका. दोन्ही कार्बोरेटर एकाच वेळी खोलणार असाल तर टोप आणि पिस्टनच्या जोड्या वेगळ्या कापडांवर ठेवा. त्या कारखान्यात जुळवलेल्या असतात, अदलाबदल झाली की दोन्ही कार्बोरेटर एकमेकांशी भांडू लागतात.

आता मिश्रण. जेटखालचा सहा पैलूंचा नट वर फिरवून जेट पुलाच्या (कार्बोरेटरच्या आत जेटभोवती असलेल्या उंचवट्याच्या) सपाटीला आणा. तिथून १२ पैलू, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली. ही सुरुवातीची जागा. इंजिन पूर्ण गरम करा, दोन कार्बोरेटरांना जोडणाऱ्या दांड्याचे क्लँप सैल करा आणि रबरी नळी कानाला लावून दोन्ही तोंडांचा फुसफुसाट सारखा करा. मग क्लँप आवळा. आता एका कार्बोरेटरचा पिस्टन बाजूच्या पिनने जेमतेम ०.८ मिलिमीटर उचला:

- आवाज वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, नट एक पैलू वर.
- इंजिन लगेच बसू लागलं तर पेट्रोल कमी, एक पैलू खाली.
- किंचित वाढून पुन्हा पूर्ववत झालं तर हात काढा.

एका वेळी एकच पैलू, दोन्हीकडे आळीपाळीने. इतकं करूनही स्लो स्थिर राहत नसेल तर थ्रॉटलच्या दांड्याच्या टोकाशी थोडं तेल सोडून पाहा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जाते आहे. बुश झिजले आहेत, आणि कितीही नट फिरवलेत तरी ते भरून येणार नाहीत.

आजचं पेट्रोल

ही गाडी घडली तेव्हा पेट्रोलात शिसं होतं. भारतात २००० पासून ते बंद झालं. हेडमध्ये कडक एक्झॉस्ट सीट बसवलेल्या नसतील तर व्हॉल्व्ह हळूहळू आत धसतो आणि टॅपेटची फट पुन्हा पुन्हा कमी होते. ते लक्षण दिसलं की हेड उतरवावं लागतं. ८.८ च्या कॉम्प्रेशनला ९१ ऑक्टेन अपुरं पडतं. चढावर इंजिन किणकिणत असेल तर ९५ ऑक्टेन घ्या किंवा टायमिंग एक-दोन अंश मागे घ्या. फार मागे घेऊ नका, इंजिन तापतं.

दुसरी गोष्ट इथेनॉल. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या फुगवतं आणि कॉर्कचे वॉशर खातं, पाणी ओढतं. नळीवर आर९ छापलेलं असलं पाहिजे. छापा नसेल तर ती नळी कितीही नवी असो, काढून टाका, कारण खाली एक्झॉस्ट आहे. इथेनॉलमुळे मिश्रण लीनही (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, म्हणून जेट एक-दोन पैलू खाली लागतो. प्लग फिकट तपकिरी आला की बरोबर, पांढराफटक आला की लीन.

चावी फिरवल्यावर मागून टकटक ऐकू येते तो एसयूचा विजेवरचा पंप. फ्लोट भरले की टकटक थांबायला हवी. थांबलीच नाही तर कुठेतरी हवा ओढली जाते आहे, टाकी रिकामी आहे किंवा फ्लोटची सुई बसत नाही. आवाजच नाही तर पंपाच्या अंगावर पान्याच्या मुठीने हलकी टिचकी मारा. चालू झाला तर घरी जा, पण त्याचे पॉइंट आता गेले समजा.

लुकासला शिव्या देण्याआधी

या गाड्यांचं विजेचं सामान लुकास कंपनीचं, आणि त्यांच्या वायरिंगची टिंगल जगभर होते. वायरिंग मात्र अतिशय तर्कशुद्ध आहे. तपकिरी वायर कायम जिवंत, पांढरी चावीनंतर, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून, काळी अर्थची. दोष बहुधा गंजलेल्या जोडांचा आणि अर्थिंगचा असतो.

इंजिन रबरावर बसलेलं असल्यामुळे बॉडीपासून त्याला अर्थिंगची एक जाड पट्टी लागते. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यावर ती लावायची राहून जाते. मग सेल्फ मारला की सगळा प्रवाह चोकच्या केबलमधून जातो, केबल तापते, धूर निघतो. सेल्फ मारत असताना व्होल्टमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ खुंट्यावर आणि दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर नवी बॅटरी घेऊ नका, पट्टी आणि थिंबल साफ करा.

१९६७ पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या असतात, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. त्यात आजचा मोबाइल चार्जर किंवा रेडिओ थेट जोडला तर शॉर्ट होतो. आणि जुन्या ब्रिटिश फ्यूजवरचा "३५ अँपिअर" हा आकडा उडण्याचा आहे, सतत वाहण्याचा १७. बाजारातला आजचा ३५ चा फ्यूज घातलात तर फ्यूजआधी वायर जळेल.

तारांची चाकं

इथे चूक झाली तर चाक निघून जातं, म्हणून सावकाश वाचा. मधल्या पंखांच्या नटाला डाव्या बाजूला उजवे आटे असतात आणि उजव्या बाजूला डावे आटे. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेला फिरतं त्या दिशेला नट सैल होतो, उलट दिशेला आवळतो. हब खोलून डावा-उजवा अदलाबदल बसवला तर नट चालता चालता सुटत जातो.

दर सहा महिन्यांनी चाकं उतरवा. हबवरचे दाते रॉकेलने धुऊन बघा. माथा सपाट असेल तर ठीक, दाता टोकदार झाला असेल तर झिजला. ग्रीसचा पातळ हात दात्यांवर, आट्यांवर आणि दोन्ही शंकूंवर फिरवा. नट तांब्याच्या हातोड्यानेच ठोका, लोखंडी नको. चाक जमिनीवर टेकवून शेवटचे ठोके द्या आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

ब्रेक सोडताना-धरताना "कट्" आवाज येतो का? चाक उचलून कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि चाक हलवा. हब स्थिर राहून चाक हललं तर दाते गेले. हब आणि चाक दोन्ही एकदम बदलावी लागतात. झिजलेला हब नवं चाक काही महिन्यांत खातो. तारांवर पान्याने टिचकी मारत जा. ताणलेली तार टणकन वाजते, सैल तार ठस्स.

या चाकांना ट्यूब लागतेच. १४ इंची रेडियलला रोडस्टरमध्ये पुढे २१ आणि मागे २४ पौंड हवा. पेट्रोलपंपावरचा पोऱ्या सवयीने ३२ भरेल, त्याला अडवा.

गंज

या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची बॉडीच सगळं वजन पेलते. दारांखालचे सिल म्हणजे तिचा कणा. बाहेरून रंग चकचकीत आणि आत भुगा, असं सर्रास असतं. गाडी मधोमध जॅकवर उचलताना दाराच्या मागच्या फटीकडे बघा. फट बदलली किंवा दार अडकलं तर आतले थर गेले आहेत. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे.

सिल बदलताना दाराच्या चौकटीत आडवी पाइप वेल्ड करून एका वेळी एकच बाजू कापतात. दोन्ही बाजू एकदम कापणाऱ्याकडे गाडी देऊ नका. बॉडी मधून बसली की दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत.

तेल, ग्रीस, ब्रेक

इंजिनमध्ये २०डब्ल्यू-५०, फिल्टरसकट सुमारे सव्वाचार लिटर. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हमध्येही (गिअरबॉक्सच्या मागे जोडलेला, इंजिनचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर) हेच तेल, गिअर ऑइल नाही. मागच्या ॲक्सलमध्ये मात्र ईपी ९०. पुढच्या किंगपिनना (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खिळींना) दर ५००० किलोमीटरला ग्रीस, दोन्ही बाजूंना तीन-तीन निपल. ब्रेकचं डॉट ४ तेल दर दोन वर्षांनी बदला. ब्रेक दाबून सोडल्यावर चाक जाम राहत असेल तर कॅलिपर खोलण्याआधी रबरी होज बदला. ती आतून फुगते, तेल जाऊ देते, परत येऊ देत नाही.

पावसाळ्यात आणि नंतर

जूनमध्ये उभी करणार असाल तर हूड वर चढवून ठेवा, ओला कधीच घडी करू नका. वर सुती कव्हर घाला. मेणकापडाखाली घाम सुटतो. हँडब्रेक सोडा, चाकांना ठोकळे लावा, बॅटरी काढा. आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करणं ही खोड मोडा. तेवढ्यात इंजिन गरम होत नाही, तेलात पाणी साठतं आणि सायलेन्सर आतून कुजतो. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर, नाहीतर हात लावू नका. उंदीर वायर खातात, तेवढं महिन्यातून एकदा वाकून बघा.

नोव्हेंबरनंतर सकाळी घाटात ही गाडी खरी कळते. चोक इंजिन धरू लागलं की लगेच आत ढकला. ओव्हरड्राइव्ह बहुतेक गाड्यांत तिसऱ्या-चौथ्यावर चालतो, १९७७ नंतरच्यांत फक्त चौथ्यावर. बटण बंद करूनही तो सुटत नसेल तर गाडी रिव्हर्स घेऊ नका, ढकलायलाही देऊ नका. आतला एकतर्फी क्लच तुटतो. घाटातून आल्यावर बंद केलेली गाडी दहा मिनिटांनी चालू होत नसेल, तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळलं आहे. एक्झॉस्ट त्यांच्या खालीच असतो. बॉनेट उघडून थांबा. मधल्या पत्र्याची जुनी अस्तरं ॲस्बेस्टॉसची असू शकतात, ती खरवडू नका.

व्हिंटेज नोंदणी असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात लागते. नोंदणी १० वर्षांची असते, आणि त्या नंबरावर रोजचा वापर किंवा भाड्याचा धंदा चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं चालतं.

आमच्याकडे आणताना

चॅसिस नंबर, इंजिन नंबर आणि कार्बोरेटरवरच्या छोट्या पट्टीचा फोटो आधी पाठवा. तक्रार थंड इंजिनावर येते की गरम, आणि कोणत्या गिअरवर, ते लिहून द्या. आदल्या दिवशी इंजिन धुऊन आणू नका. तेल कुठून गळतं ते मळावरूनच कळतं. आधी कुणी काढलेले भाग डब्यात असतील तर तो डबाही आणा, गंजलेला असला तरी. मूळ भागाला नवा बुश बसवून मिळतो, पण बाजारातला नवा भाग बसेलच असं नाही. आम्ही काढलेला प्रत्येक भाग बिलाबरोबर परत देतो.