‘मिलेनियम’च्या आधीचे स्टीग लार्सन

९ नोव्हेंबर २००४ रोजी स्टॉकहोममधील ‘एक्स्पो’ या मासिकाच्या कचेरीची लिफ्ट बंद होती. संपादक स्टीग लार्सन सात मजले जिन्याने चढून वर गेले आणि त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांचे वय अवघे ५० होते. त्याच दिवशी १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांच्या, म्हणजे ‘क्रिस्टलनाख्ट’च्या स्मृतिदिनानिमित्त ते व्याख्यान देणार होते. नॉर्स्टेड्स या जुन्या स्वीडिश प्रकाशनसंस्थेकडे त्यांनी तीन जाडजूड कादंबऱ्यांची हस्तलिखिते सोपवलेली होती. त्यांपैकी एकही छापून आलेली त्यांना पाहता आली नाही.

पुढे २००५, २००६ आणि २००७ अशा सलग तीन वर्षांत या कादंबऱ्या स्वीडिशमध्ये प्रसिद्ध झाल्या. ‘मिलेनियम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मालिकेच्या, इतर लेखकांनी लिहिलेले पुढचे भाग धरून, जगभरात दहा कोटींच्या आसपास प्रती खपल्या. ही हकिकत बहुतेक वेळा नशिबाचा चमत्कार म्हणून सांगितली जाते: एक अनोळखी पत्रकार रात्री जागून थरारकथा लिहितो, कीर्ती दाराशी येते आणि नेमका तेव्हाच तो जातो. मला ही मांडणी लार्सन यांच्यावर अन्याय करणारी वाटते, कारण त्या कादंबऱ्यांतील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा धागा त्यांच्या वीसेक वर्षांच्या पत्रकारितेतून आलेला आहे.

लार्सन यांचा जन्म १५ ऑगस्ट १९५४ रोजी उत्तर स्वीडनमधील व्हेस्टरबॉटन प्रांतात झाला. आईवडील कामासाठी स्टॉकहोमला गेल्यामुळे नवव्या वर्षापर्यंत ते आजी-आजोबांकडे, ब्युर्सेले या खेड्याजवळच्या एका लहानशा लाकडी घरात वाढले. आजोबा कट्टर नाझीविरोधी होते आणि त्यांचा ठसा नातवावर कायमचा उमटला. नंतरचे शिक्षण उमिओ शहरात झाले. तेथे १९७२ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातील एका सभेत त्यांची एव्हा गाब्रिएल्सन यांच्याशी ओळख झाली आणि ही सोबत शेवटपर्यंत, म्हणजे ३२ वर्षे टिकली. (त्यांचे मूळ नाव ‘स्टिग’, त्याच नावाचा दुसरा लेखक असल्याने त्यांनी नावाच्या लेखनात एक अक्षर वाढवले.)

पोटापाण्यासाठी त्यांनी टीटी या स्वीडिश वृत्तसंस्थेत सुमारे दोन दशके नोकरी केली. तेथे त्यांचे मुख्य काम बातम्यांसोबतचे नकाशे आणि आलेख काढण्याचे होते. खरे काम कचेरी सुटल्यावर सुरू होई. ब्रिटनमधील ‘सर्चलाइट’ या फॅसिझमविरोधी मासिकासाठी ते स्वीडनमधील वंशवादी संघटनांच्या बातम्या पाठवत. कोण कोणत्या गटात आहे, पैसा कोठून येतो, जुन्या नाझींचे नव्यांशी काय नाते आहे, याची कागदपत्रे ते वर्षानुवर्षे जमवत राहिले. १९९१ मध्ये त्यांनी एका सहलेखिकेसमवेत स्वीडनमधील अतिउजव्या चळवळीवर पुस्तक लिहिले आणि १९९५ मध्ये ‘एक्स्पो’च्या स्थापनेत पुढाकार घेतला. वर्षभरातच मासिक छापणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना धमक्या येऊ लागल्या, तेव्हा ‘आफ्टनब्लाडेट’ आणि ‘एक्स्प्रेसेन’ या एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांनी ‘एक्स्पो’चा अंक आपापली पुरवणी म्हणून छापून वाचकांच्या हाती दिला.

हा धोका केवळ धमक्यांपुरता नव्हता. ऑक्टोबर १९९९ मध्ये ब्यॉर्न सॉडरबेरी या कामगार कार्यकर्त्याला नवनाझींनी त्याच्या घराच्या दारात गोळ्या घालून ठार केले. कामाच्या ठिकाणच्या संघटनेच्या कार्यकारिणीत एक नवनाझी निवडून आल्याचे त्याने उघड केले होते. स्वीडनमध्ये नागरिकांचा पत्ता ही सर्वसाधारणपणे कोणालाही मिळू शकणारी माहिती असते. लग्न केले तर नोंदींमधून आपला माग काढणे सोपे होईल, म्हणून आपण लग्न केले नाही, असे गाब्रिएल्सन यांनी पुढे सांगितले. या निर्णयाची किंमत नंतर त्यांनाच मोजावी लागली.

कादंबरीलेखनाला २००२ च्या उन्हाळ्यात वेग आला. ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या बालसाहित्यातील पिप्पी ही मनस्वी, बलदंड, कोणाचे न ऐकणारी मुलगी मोठी झाली तर समाज तिला काय म्हणेल, या प्रश्नातून लिस्बेथ सालांदर ही नायिका घडल्याचे लार्सन यांनी मृत्यूच्या थोडेच आधी एका मुलाखतीत सांगितले होते. नायक मिकाएल ब्लूमक्विस्ट याला कादंबरीतले लोक लिंडग्रेन यांच्याच बालगुप्तहेराच्या नावाने, ‘काल्ले ब्लूमक्विस्ट’ म्हणून चिडवतात. तो चालवत असलेले ‘मिलेनियम’ हे मूठभर माणसांचे, पैशांची चणचण असलेले मासिक पाहताना ‘एक्स्पो’ आठवल्याशिवाय राहत नाही. पहिल्या भागातील धनाढ्य वांगर घराण्यातील काही भाऊ नाझी होते आणि त्यांचा तो भूतकाळ कुटुंबाने झाकून ठेवलेला असतो; त्या काळातील स्वीडिश नाझी गटांचे बारकावे येथे अभ्यासकाच्या सहजतेने येतात.

पहिल्या कादंबरीचे स्वीडिश नाव ‘स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष’ असे आहे. तिच्या प्रत्येक विभागाच्या पहिल्या पानावर एकेक कोरडे वाक्य छापलेले आहे: स्वीडनमधील १८ टक्के स्त्रियांना कधी ना कधी पुरुषाकडून धमकी मिळालेली आहे, ४६ टक्के स्त्रियांनी पुरुषाकडून हिंसा सोसलेली आहे. हे आकडे वाचून वाचक पुढचे पान उलटतो आणि पुन्हा गोष्टीत शिरतो, पण आता ती गोष्ट त्याला पूर्वीसारखी निव्वळ करमणूक वाटत नाही. इंग्रजी अनुवाद मात्र २००८ मध्ये ‘ड्रॅगन टॅटू असलेली मुलगी’ अशा अर्थाच्या नावाने आला. व्यापाराच्या दृष्टीने ते यशस्वी ठरले असेल, पण लेखकाने मुखपृष्ठावरच गुन्हेगाराकडे दाखवलेले बोट त्यामुळे पीडितेच्या अंगावरील चित्राकडे वळले, याचे मला फार वाईट वाटते. कादंबऱ्या लिहीत असतानाच्या काळातच लार्सन यांनी तथाकथित प्रतिष्ठेपायी होणाऱ्या हत्यांच्या वादावर एक पुस्तक संपादित केले होते. २००२ मध्ये उप्साला येथे फादिमे शाहिनदाल या तरुणीला तिच्या वडिलांनी ठार मारल्यानंतर हा प्रश्न केवळ स्थलांतरितांच्या संस्कृतीचा म्हणून मांडला जात होता. स्त्रियांवरील हिंसा कोणत्याही एका संस्कृतीची मक्तेदारी नाही, अशी लार्सन यांची भूमिका होती आणि कादंबरीतील सुशिक्षित, गोरे, सुखवस्तू खलपुरुष याच भूमिकेतून आलेले आहेत.

गुन्हेकथेतून समाजाची चिकित्सा करण्याची वाट स्वीडनमध्ये आधीच पडलेली होती. माय श्योवाल आणि पेर वालॉ या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावरच्या दहा कादंबऱ्या लिहून ती घालून दिली होती.

लार्सन यांनी वैध मृत्युपत्र केलेले नव्हते. १९७७ मधील एक कागद सापडला, पण त्यावर साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या. स्वीडिश कायद्यानुसार लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला आपोआप वारसा मिळत नाही, त्यामुळे मालमत्ता आणि लेखनाचे सर्व हक्क लार्सन यांचे वडील व भाऊ यांच्याकडे गेले. त्यांच्या संमतीने डेव्हिड लागरक्रांट्स यांनी २०१५, २०१७ आणि २०१९ मध्ये मालिकेचे पुढचे तीन भाग लिहिले. गाब्रिएल्सन यांनी त्याला जाहीर विरोध केला होता. २०२२ पासून ही मालिका कारिन स्मिरनॉफ लिहीत आहेत. स्मिरनॉफ स्वतः व्हेस्टरबॉटनच्या आहेत आणि त्यांनी कथानक स्टॉकहोममधून हलवून उत्तर स्वीडनमध्ये, लार्सन यांचे बालपण ज्या बाजूला गेले तिकडे नेले आहे.