जुनी स्पोर्ट्स कूपे घेताय? अॅडव्हान्स द्यायच्या आधी हे वाचा

हे पत्रक काढायचं कारण साधं आहे. आमच्याकडे गाडी तपासून घ्यायला येणारे बरेच जण अॅडव्हान्स देऊन झाल्यावर येतात आणि मग आम्ही काहीही सांगितलं तरी ते त्यांच्या कानात शिरत नाही, कारण मनाने ते त्या गाडीत बसून केव्हाच निघून गेलेले असतात. आम्हाला कळतं ते. दोन दारं, बसकं छत, मागच्या चाकांवर फुगलेला पत्रा आणि चालू केली की पोटात घुमणारा आवाज, इतकी वर्षं हेच काम करतोय तरी अशी गाडी दारात आली की आमच्यातला कोणीतरी हातातला पाना ठेवून बाहेर येतोच. म्हणून म्हणतो, डोकं थंड आहे तोवर हे वाचून घ्या.

आधी पैशाचं बोलू. नवी असताना भयंकर महाग असलेली गाडी दहा-बारा वर्षांनी एखाद्या साध्या नव्या गाडीच्या भावात मिळायला लागते आणि माणूस नेमका तिथे फसतो. गाडीचा भाव उतरतो, पार्ट्सचा उतरत नाही. ब्रेक डिस्क, शॉक अॅबसॉर्बर, क्लच, मागचे रुंद टायर, हे सगळं अजूनही त्या महागड्या गाडीच्याच हिशोबाने येतं. आमच्याकडे आम्ही सांगतो की गाडीच्या किमतीच्या निदान १५ टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, तेवढी उरत नसेल तर एक पायरी खालचं मॉडेल घ्या पण चांगल्या कंडिशनमधलं घ्या. सगळे पैसे खरेदीत घालून नंतर सर्व्हिसला हात आखडणारे मालक हेच या गाड्यांचं सगळ्यात मोठं दुखणं आहे, आणि तुम्ही जी गाडी बघताय तिचा आधीचा मालक तसा होता का, हेच तर शोधायचंय.

म्हणून आम्ही आधी फाईल मागतो, गाडी नंतर. "सगळं वेळच्या वेळी केलंय" असं प्रत्येक विकणारा म्हणतो, ठीक आहे, मग बिलं दाखवा. सर्व्हिस बुकातला शिक्का हा नुसता शिक्का असतो, बिलावर मात्र कुठलं ऑइल घातलं, किती लिटर, कुठला पार्ट बदलला, किती किलोमीटरला, सगळं असतं. बिलं तारखेने लावा आणि किलोमीटरचे आकडे एकाखाली एक लिहून काढा, पाच मिनिटांचं काम आहे. आकडा मध्येच मागे आला किंवा तीन वर्षं एकही बिल नाही तर विचारायचं, लाजायचं नाही. आता बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ घ्या. तिचं ३.२ लिटर इंजिन ८००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला तेवढे फेरे) फिरतं, त्यासाठी कंपनीने १०डब्ल्यू-६० हे जाड ऑइल सांगितलंय आणि ठरलेल्या सर्व्हिसला व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट) हाताने मोजून सेट करावं लागतं. फाईलमध्ये कुठलंतरी स्वस्तातलं ऑइल आणि व्हॉल्व्हचा उल्लेखच नाही असं असेल तर त्या मालकाने ही गाडी बाजारहाटाची गाडी समजून सांभाळलीय, बाकी काही सांगायची गरजच नाही.

कमी किलोमीटरचं वेड

याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण भांडण इथेच होतं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या घेऊन एक गिऱ्हाईक आमच्याकडे आलं होतं, म्हणजे दोन्ही विकणाऱ्यांना बोलावलं होतं. एक बारा वर्षांत १९,००० किलोमीटर चाललेली, आतून नव्या लेदरचा वास अजून येतोय. दुसरी ९४,००० चाललेली, ड्रायव्हर सीटची कड झिजलेली, बंपरवर खड्यांचे टवके. पहिलीच्या टायरवर आम्ही बॅटरी मारली. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. या गाडीचे चारही टायर गाडीइतकेच जुने निघाले, नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर इतकं कडक झालेलं की नख दाबलं तरी उमटेना. कूलंटचे पाइप कडक, मागच्या ब्रेकचा एक कॅलिपर जाम, टाकीतलं पेट्रोल कधीचं ते मालकालाही आठवेना. दुसरीची फाईल दोन बोटं जाड. आम्ही दुसरी घ्या म्हटलं, त्याने पहिली घेतली. नंतरच्या सहा महिन्यांत ती आमच्याकडेच जास्त होती.

गाडी उभी राहिली की सील सुकतात, ब्रेक धरतात, बॅटरी मरते, ऑइलमध्ये पाणी साठतं. नियमित चाललेली आणि नियमित बिलं झालेली गाडी आम्हाला कधीही जास्त आवडते. टायर बघताना आणखी एक बघा, चारही एकाच जातीचे आहेत का. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाचा हात कुठे कुठे आखडला असेल याचा अंदाज येतो.

गाडी थंड पाहिजे

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर आधी इंजिनावरच्या पत्र्याला तळहात लावून बघा (इंजिन मागे असेल तर मागे, बॉनेट चाचपून उपयोग नाही, हसू नका, असं करणारे आम्ही बघितलेत). कोमट लागलं तर झाकली मूठ आहे असं समजा आणि दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन चालू होताना पहिल्या दहा सेकंदांत जे आवाज येतात ते नंतर तासभर चालवून ऐकू येत नाहीत. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, दाट पांढरा आणि न थांबणारा म्हणजे कूलंट, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. अपवाद पोर्शेच्या फ्लॅट-सिक्स इंजिनाचा, त्यातले सहा सिलिंडर आडवे असतात त्यामुळे उभ्या गाडीत थोडं ऑइल आत साचतं आणि सुरू करताना एखादा निळा ढग येऊन गेला तर घाबरायचं कारण नाही, येतच राहिला तर आहे.

कॉम्प्युटर खोटं बोलत नाही

मॅन्युअल गिअरची पोर्शे असेल तर ओव्हररेव्हचा, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याच्या नोंदींचा, रिपोर्ट काढाच. लोकांना वाटतं रेव्ह लिमिटर आहे म्हणजे इंजिन सुरक्षित आहे. लिमिटर फक्त तुम्ही अॅक्सिलरेटर दाबून नेलेल्या आरपीएमला थांबवतो. पाचव्यातून चौथ्यात टाकायचं होतं आणि घाईत हात दुसऱ्यात गेला की चाकंच इंजिनाला ओढून फिरवतात, तिथे लिमिटर काहीही करू शकत नाही, व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतात, रॉडचे बोल्ट ताणले जातात. ९९७ पिढीच्या ९११ मध्ये हे सगळं सहा टप्प्यांत नोंदलेलं असतं, खालचे टप्पे जोरात चालवणाऱ्या कुणाच्याही गाडीत भरतात, वरचे तीन भरलेले असतील तर बसून बोलायला लागतं. नोंद इंजिनाच्या कितव्या तासाला झाली तेही कळतं, म्हणजे त्यानंतर गाडी शेकडो तास नीट चालली असेल तर जरा जीव भांड्यात पडतो.

तासांवरून आणखी एक गंमत कळते. मीटरवरचे किलोमीटर भागिले इंजिनाचे तास, आला सरासरी वेग. ६०,००० किलोमीटर आणि १५०० तास म्हणजे ताशी ४०, ठीक. तेच मीटर ३०,००० दाखवतंय आणि तास १५०० तर ताशी २० आले, एकतर गाडी आयुष्यभर ट्रॅफिकमध्ये अडकली होती नाहीतर मीटर मागे केलंय. लगेच आरोप करू नका, पण बिलांवरचे आकडे परत एकदा काढा.

कोणाचं काय दुखतं

सगळी मॉडेल इथे मावणार नाहीत, जी आमच्याकडे सारखी विचारली जातात तेवढीच घेतो. १९९०च्या दशकाच्या शेवटापासून २००८ पर्यंतच्या पोर्शेच्या साध्या ९११, बॉक्सटर आणि केमनच्या इंजिनात एक मधला शाफ्ट असतो, त्याचं बेअरिंग फुटलं की टायमिंग (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ) जातं आणि त्याबरोबर इंजिनही जाऊ शकतं. टर्बो आणि जीटी३ची इंजिनं त्या काळात वेगळी होती, त्यांना हा त्रास नाही, आणि २००९ मॉडेलपासूनच्या नव्या इंजिनात तो शाफ्टच काढून टाकला. २००५ च्या आसपासपर्यंतच्या गाड्यांत हे बेअरिंग गिअरबॉक्स उतरवल्यावर बदलता येतं, म्हणून क्लच करताना तेही करून घेतात, फाईलमध्ये ते बिल शोधा. नंतरच्यांत मोठं बेअरिंग आलं, ते कमी फुटतं पण इंजिन उकलल्याशिवाय निघत नाही. आम्ही जुना ऑइल फिल्टर कापतो, कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरतो आणि चमचम दिसली तर चुंबक फिरवतो, चुंबकाला चिकटलं म्हणजे लोखंडी, म्हणजे बेअरिंगचा संशय. याच इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडायचा आजार पण आहे, त्याची घरच्या घरी खूण म्हणजे सायलेन्सरचं एका बाजूचं तोंड दुसऱ्यापेक्षा जास्त काळं असणं, आणि खात्री करायची तर आत कॅमेरा घालूनच.

ई४६ एम३ लिफ्टवर घेतल्याशिवाय घेऊच नका, मागचं सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बॉडीला धरलेलं असतं तिथला पत्रा तडकतो आणि वरून काहीच दिसत नाही, वरून कीर्तन आतून तमाशा तो हाच.

माझदा आरएक्स-८ दिसायला स्वस्त, चालवायला अफाट, पण तिचं १.३ लिटरचं रोटरी इंजिन हा वेगळाच प्राणी आहे. ते ऑइल मुद्दाम जाळतं, रोटरच्या टोकांच्या सीलना वंगण मिळावं म्हणून पंपच ऑइल आत सोडतो, त्यामुळे "माझी गाडी थेंबभरही ऑइल खात नाही" असं कोणी अभिमानाने म्हटलं तर तिथून निघा. कॉम्प्रेशन नेहमीच्या गेजने मोजता येत नाही, रोटरच्या तिन्ही बाजू वेगळ्या दाखवणारं खास टेस्टर लागतं. गरम इंजिन बंद करून लगेच परत सुरू करून बघा, स्टार्टर बराच वेळ फिरवायला लागला तर सील गेलेत. आणि दारातून गाडी हलवून मागे लावायची म्हणून अर्धा मिनिट सुरू करून बंद केली तर पेट्रोलने भरून परत सुरूच होत नाही, हे घेतल्यावरही लक्षात ठेवायचं.

ऑडी आर८ च्या सुरुवातीच्या ४.२ लिटर व्ही८ ला व्हॉल्व्हवर कार्बन बसतो, अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून तो साफ करतात. फेरारीत ३५५ चे टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवायचं, ३६० चे सीटमागून होतात, एफ४३० ला चेनच आहे. बेल्ट असेल तिथे वर्षं मोजायची, किलोमीटर नाही.

बॉडीचं थोडक्यात. रंगाची जाडी मोजणारं यंत्र लावा, कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, पण अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर नुसतं चुंबकावर चालणारं यंत्र काहीच दाखवत नाही. चेसिस नंबर १७ अक्षरांचा, त्यात आय, ओ आणि क्यू कधीच नसतात. चाकांच्या रिम आतल्या बाजूने बघा, वाकलेल्या तिथेच कळतात, आणि टायरची आतली कड पण, या गाड्यांची चाकं वरून आत झुकवलेली असतात म्हणून आतून तार दिसेपर्यंत झिजतात आणि बाहेरून छान वाटतात. अपघात झालेली गाडी घेऊ नये असं आमचं म्हणणं नाही, लपवलेली घेऊ नये. ट्रॅकवर गेलेलीचंही तेच. रिमॅप केलेल्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेल्या), मोठा टर्बो घातलेल्या गाडीला मात्र आम्ही शक्यतो नाही म्हणतो, कोणी कशाच्या भरवशावर काय केलंय ते शोधण्यात आयुष्य जातं.

घेतल्यावर

पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन गरम झालं असं नसतं, ऑइल बरंच मागे असतं, ते ८० डिग्रीला येईपर्यंत ३००० आरपीएमच्या वर जाऊ नका, एवढं एक पाळलंत तरी अर्धं काम झालं. ऑइल दर दुसऱ्या टाकीला बघा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, दोन वर्षांनी बदलायचंच, गाडी उभी असली तरी. महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीला मेंटेनर (चार्ज टिकवून ठेवणारा चार्जर) लावा. ९११ आणि बॉक्सटरवाल्यांनी पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या जाळीत हात घालून बघा, रेडिएटरपुढे सुकी पानं साठून कुजतात आणि रेडिएटर खातात. आम्ही काढलेली पानं एकदा एका मालकाला पिशवीत भरून दिली, त्याला वाटलं चेष्टा करतोय. विम्याचा आकडा गाडी घ्यायच्या आधी विचारून ठेवा, नंतर नाही.

आमची तपासणी साधारण तीन तास चालते, गाडी लिफ्टवर जाते, स्कॅनर लागतो, अंडरट्रे (गाडीच्या पोटाखालचं झाकण) काढला जातो, मग तुम्हाला फोटोंसकट रिपोर्ट मिळतो आणि कुठलं काम लगेच, कुठलं वर्षात, कुठलं कधीतरी ते लिहून मिळतं. "घेऊ का नको" याचं उत्तर आम्ही देत नाही, ते विचारू नका, आणि विकणाऱ्याकडून आम्ही काहीही घेत नाही. विकणारा गाडी लिफ्टवर न्यायला नाही म्हणाला तर आम्हाला यायला सांगू नका, तुमचे तपासणीचे पैसे वाचले. येण्याच्या आदल्या दिवशी बिलांचे फोटो आणि चेसिस नंबर पाठवून ठेवा, गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि इंजिन धुऊन आणू नका, गळती कुठून आहे ते आम्हाला त्या मळावरूनच कळतं.