पेनिसिलिनचे इंजेक्शन

जिवाणुसंसर्गावर स्नायूत किंवा शिरेतून टोचण्याचे प्रतिजैविक. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ते १९२८ मध्ये बुरशीत सापडले. १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायाला संसर्गावरील उपचार म्हणून ते प्रथम टोचून देण्यात आले. तो सुधारू लागला, पण औषधाचा साठा अपुरा होता. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन गाळून पुन्हा त्यालाच दिले गेले, तरी ते संपले आणि तो दगावला. मूत्रपिंडे हे औषध किती झपाट्याने बाहेर टाकतात, हे त्यातून दिसले. आजच्या वापराचे बरेचसे नियम याच गुणधर्मातून आले आहेत.

मूळ बेंझिलपेनिसिलिन (पेनिसिलिन जी) जठरातील आम्लात नष्ट होते, म्हणून ते टोचूनच देतात. रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे अर्ध्या तासात निम्मे होते. जिवाणूंची पेशीभित्ती बांधली जाण्याच्या कामात ते अडथळा आणते आणि त्यासाठी रक्तात त्याची पुरेशी पातळी सतत टिकावी लागते. त्यामुळे गंभीर आजारात ते दर चार ते सहा तासांनी शिरेतून देतात. स्नायूतून हळूहळू सुटणारी त्याची दोन रूपे आहेत. त्यांपैकी प्रोकेन पेनिसिलिन सुमारे एक दिवस पुरते. बेंझॅथिन पेनिसिलिन स्नायूत साठून दोन ते चार आठवडे हळूहळू रक्तात झिरपते, मात्र त्याची पातळी कमीच राहते. म्हणून उपदंश आणि संधिज्वराचा प्रतिबंध यांसाठी ते उत्तम, पण मेंदूज्वरावर निरुपयोगी.

सर्वांत घातक चूक नावांच्या सारखेपणातून होते. बेंझॅथिन आणि प्रोकेन ही दुधाळ निलंबने (न विरघळलेल्या कणांची मिश्रणे) फक्त खोल स्नायूत द्यायची असतात. बेंझॅथिन चुकून शिरेत गेल्यास हृदय व श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो. कुपीवरचे पूर्ण नाव वाचणे, सुई टोचल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहणे आणि औषध सावकाश सोडणे, यांत हयगय चालत नाही. नितंबावर टोचताना सायटिक नस टाळावी; त्या दृष्टीने खुब्याच्या बाजूचा भाग अधिक सुरक्षित.

ॲलर्जीबाबत दोन्ही बाजूंनी चुका होतात. खरी तीव्र प्रतिक्रिया विरळ, पण काही मिनिटांत जीव घेऊ शकते. पूर्वी पेनिसिलिनने अंगावर गांधी उठल्या का, चेहरा सुजला का, दम लागला का, हे विचारायलाच हवे. त्वचेवरील चाचणी निर्दोष आली तरी सावधगिरी सोडता येत नाही. इंजेक्शननंतर अर्धा तास रुग्णाला नजरेसमोर ठेवावे आणि ॲड्रेनॅलिन हाताशी असावे. तीव्र प्रतिक्रिया आल्यास प्रौढास ॲड्रेनॅलिन १:१००० तीव्रतेचे ०.५ मिलि. मांडीच्या बाहेरील स्नायूत लगेच देतात. ॲलर्जीच्या इतर गोळ्या-इंजेक्शने त्याची जागा घेऊ शकत नाहीत. उलट, ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना नीट तपासणीनंतर ते चालते. लहानपणीच्या एका पुरळामुळे इतके गुणकारी औषध जन्मभर नाकारले जावे, हे योग्य नाही. उपदंशात पहिल्या दिवशी येणारा ताप व हुडहुडी हीदेखील ॲलर्जी नव्हे. मरणाऱ्या जिवाणूंमुळे उठणारी ती यारिश–हर्क्सहायमर प्रतिक्रिया असते.

मूत्रपिंडे अधू असल्यास मोठ्या मात्रेने झटके येऊ शकतात, शिवाय पेनिसिलिनचा पोटॅशियमयुक्त क्षार शिरेतून भराभर दिल्यास हृदयाची लय बिघडते. जेंटामायसिनसारखी इतर प्रतिजैविके त्याच सिरिंजमध्ये मिसळू नयेत.

स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचे बहुतेक प्रकार आता पेनिसिलिनला दाद देत नाहीत, पण ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू आजही त्याला बधतो. त्याच्या घशातील संसर्गानंतर संधिज्वर उद्भवतो. त्यामुळेच संधिज्वर झालेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी बेंझॅथिन पेनिसिलिन देतात, तेही किमान पाच वर्षे. हृदयाच्या झडपांना इजा झाली असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. हे इंजेक्शन चांगलेच दुखते आणि त्या धास्तीने मुले पुढची तारीख चुकवतात. कुपी तळहातात धरून कोमट करणे, लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या द्रावणात औषध कालवणे, टोचण्याआधी जागा दाबून धरणे या उपायांनी वेदना कमी होतात.