घरगुती मीडिया सर्व्हरची पार्श्वभूमी

इंदुरातल्या जुन्या मराठी घरांत कपाट आवरायला घेतले, की खासगी मैफलींच्या आणि गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांच्या कॅसेट, लग्नामुंजींच्या व्हीएचएस फिती असा ऐवज अजूनही निघतो. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे, म्हणजे व्हीएचएस फिती चालवणाऱ्या यंत्राचे, उत्पादन थांबवले आणि या फिती संगणकावर उतरवून घेण्याची निकड वाढली. तासाभराची कॅसेट सीडीच्या दर्जाने उतरवली, तर सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे ४० गिगाबाइटच्या हार्ड डिस्कवर साठेक कॅसेट मावत. हिताचीने २००७ मध्ये एक टेराबाइटची डिस्क बाजारात आणल्यावर तोच हिशेब दीड हजारांच्या पुढे गेला. मग प्रश्न उरले दोन : हे सगळे दिवाणखान्यातल्या टीव्हीवर कसे लावायचे, आणि डिस्क बिघडली तर काय करायचे. घरगुती मीडिया सर्व्हर, म्हणजे घरातला संग्रह साठवून टीव्ही-फोनवर पाठवणारा संगणक, याच दोन प्रश्नांतून घडला.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका खेळाच्या यंत्रातून आले, हे आज थोडे विचित्र वाटते. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि अवघी ६४ मेगाबाइट मेमरी होती. तरी हौशी प्रोग्रॅमरांनी त्याचे कुलूप तोडून २००२ मध्ये त्यावर चित्रफिती चालवणारे सॉफ्टवेअर बसवले. त्यातून पुढे एक्सबॉक्स मीडिया सेंटर, म्हणजे एक्सबीएमसी, तयार झाले. कालांतराने ते साध्या संगणकांवर आले, मूळ यंत्राशी संबंध उरला नाही आणि २०१४ मध्ये त्याचे नाव ‘कोडी’ झाले. मॅकसाठी केलेल्या त्याच्याच रूपांतरातून २००८ मध्ये प्लेक्स वेगळे निघाले. कोडी ज्या यंत्रावर असेल तिथेच फाइल उलगडून दाखवते. प्लेक्सने ते काम मध्यवर्ती सर्व्हरकडे दिले, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या फोनला झेपेल अशा रूपात फाइल तिथल्या तिथे बदलून पाठवणे शक्य झाले. मात्र प्लेक्सच्या सर्व्हरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, इतरांसाठी खुला नव्हता. ज्यांना ते खटकत होते त्यांचा आधार होता एम्बी हा तशाच कामाचा, खुल्या कोडचा सर्व्हर; त्यानेही २०१८ च्या अखेरीस कोड बंद केला, तेव्हा आधीच खुल्या परवान्याखाली असलेली आवृत्ती घेऊन त्याच डिसेंबरात काहींनी जेलीफिन सुरू केले. परवाना तसा नसता, तर हा मार्ग उरला नसता.

माझ्या मते साठवणीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण सॉफ्टवेअर पटले नाही तर एका दुपारी बदलता येते. बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात असे मांडले, की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र चालवाव्यात आणि त्यांचा तकलादूपणा जादा नोंदींनी भरून काढावा. हीच ‘रेड’ पद्धत. तीन डिस्कांवर एकाच ठिकाणी १, ० आणि १ असे अंक असतील, तर चौथीवर ० लिहिला जातो, जेणेकरून चौघांतल्या १ ची संख्या सम राहील. मधली डिस्क गेली, तर उरलेल्या १, १ आणि ० वरून हरवलेला अंक ० होता हे लगेच कळते. कार्यालयांसाठीची ही पद्धत घरात अडते, कारण नेहमीच्या मांडणीत डिस्क सारख्या आकाराच्या लागतात, आणि हौशी माणूस सवडीने, पैसे जमतील तशी एकेक डिस्क घेतो. २००५ च्या सुमारास आलेल्या अनरेड या सर्व्हर-प्रणालीने ही अडचण ओळखली : आकार कोणतेही चालतील, फक्त जादा नोंदीची डिस्क सर्वांत मोठीच्या तोडीची हवी, आणि प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे वाचता येते. एकदा लिहून वर्षानुवर्षे वाचायच्या संग्रहाला हे फार सोयीचे पडते. याच गरजेसाठी मायक्रोसॉफ्टने २००७ च्या विंडोज होम सर्व्हरमध्ये ड्राइव्ह एक्सटेंडर दिले होते. पुढच्या आवृत्तीतून ते काढूनच टाकले आणि त्यावर विसंबलेली मंडळी इतरत्र वळली.

डिस्क धडधाकट असूनही एखादा अंक नकळत उलटतो, ही बाब मात्र साध्या रेडला नीट कळत नाही. सन मायक्रोसिस्टम्सच्या झेडएफएस या फाइल साठवण्याच्या प्रणालीने माहितीच्या प्रत्येक ठोकळ्याची पडताळणी-संख्या वेगळी जपून त्यावर इलाज केला. २००५ मध्ये झेडएफएसचा कोड खुला झाला आणि फ्रीनॅससारख्या प्रणालींमुळे ती जुन्या संगणकांवरही पोहोचली. तरीही वीज कडाडून अख्खे यंत्र जळाले किंवा चुकून फोल्डर पुसला गेला, तर यातले काहीच उपयोगी पडत नाही. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, असे जाणकार बजावतात ते म्हणूनच. त्यामुळे सिनेमे एकाच यंत्रावर ठेवायला हरकत नाही, ते पुन्हा मिळतील. आजोबांच्या बैठकीत झालेल्या गाण्याची एक प्रत मात्र इंदुराबाहेर, पुण्या-मुंबईच्या नातलगांकडे हवीच.