वळवाचं वारं आणि दारातला माठ

मे महिन्यात विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याची बातमी वाचा. ‘चक्रीवादळाचा तडाखा, टिनपत्रे उडाली, संत्राबागा आडव्या.’ चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर रुंद असतं आणि काही दिवस टिकतं. दुपारी साडेचारला येऊन पाचला निघून जाणारं, एका शिवारात झाडं पाडणारं आणि शेजारच्या शिवारात पानही न हलवणारं वारं चक्रीवादळ नसतं. नावात काय आहे, असं कोणी म्हणेल. पण नाव चुकलं की कारण चुकतं, आणि कारण चुकलं की छपरावर दगड ठेवून निर्धास्त झोपायची बुद्धी होते.

या वाऱ्याचं खरं कारण दारातल्या माठात आहे.

माठातलं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पाझरतं आणि बाहेरच्या अंगाला उडून जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते. ही उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. ३५ अंशांचं दहा लिटर पाणी २४ अंशांवर आणायला जेमतेम पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी उडालं तरी हिशोबाने पुरतं. बाहेरून उष्णता आत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त लागतं. माठाला बाहेरून ऑइलपेंट लावला की हा व्यवहार बंद. बोअरच्या खारट पाण्याने दोन उन्हाळ्यांत छिद्रं बुजतात, मग ‘माठ जुना झाला’ म्हणतात. साबण लावू नका, काथ्याने घासून उन्हात वाळवा. तरीही बाहेरचं अंग ओलसर लागत नसेल तर त्या माठाचं पाणी गार होणार नाही.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हा समज इथेच निकालात काढू. कांद्यात पाणी भरपूर असतं, पण त्याची साल पाझरत नाही. खिशातला कांदा तुमच्या अंगातली उष्णता घ्यायला कुठेच जात नाही, नुसता सोबत हिंडतो. घाम मात्र ते काम करतो. एक लिटर घाम अंगावरच उडाला तर सुमारे ६५० वॅटचा हीटर तासभर उलटा चालवल्याइतकी उष्णता निघून जाते. अंगावरच उडाला तर, हे महत्त्वाचं. पुसलेला किंवा टपकलेला घाम फुकट गेला. बाहेर ४५ अंश असताना पंख्याचं कोरडं वारं शरीर थंड करत नाही, उलट तापवतं, कारण त्वचा ३५ अंशांच्या आसपास असते. तेव्हा दुपट्टा ओला करून मान-डोक्याला गुंडाळा आणि मग वाऱ्याला बसा. गेलेलं पाणी आणि मीठ दोन्ही भरून काढायचं: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर त्याला काहीही पाजत बसू नका. सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. फोन उचलला जाण्याची वाट पाहत पाणी ओतणं थांबवू नका.

कूलर म्हणजे पंखा लावलेला माठ. तो किती थंड करणार हे त्याच्या किमतीवर कमी आणि हवेच्या कोरडेपणावर जास्त अवलंबून असतं. भिंतीवरच्या साध्या थर्मामीटरच्या गोळ्याला ओलं सुती फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरा. (तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो ३५ च्या खाली दाखवत नाही.) पारा उतरून जिथे थांबेल ते ओलं तापमान. कूलरची हवा त्याच्या खाली कधीच जात नाही. मे महिन्याच्या दुपारी ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओलं तापमान २४ च्या आसपास येतं. फरक २१ अंशांचा. कूलरच्या बाजूंना लावलेल्या, पाण्याने भिजणाऱ्या ताट्या चांगल्या ओल्या असतील तर या फरकाचे तीन चतुर्थांश मिळवून देतात, म्हणजे आत येणारी हवा साधारण २९ अंशांची. आता जूनमधली एक दुपार घ्या, ३८ अंश आणि ५० टक्के आर्द्रता. ओलं तापमान २९, फरक फक्त ९, आणि कूलरची हवा ३१ ची. बाहेर सात अंश कमी, पण कूलरपुढे दोन अंश जास्त, वर घामही वाळत नाही. कूलर बिघडलेला नसतो, हवेची तहान भागलेली असते.

तासाला ३००० घनमीटर हवा फेकणारा मोठा कूलर अशा कोरड्या दुपारी तासाला वीसेक लिटर पाणी पितो. टाकी गळते म्हणून मिस्त्री बोलावण्याआधी हे लक्षात ठेवा. पाणी उडतं पण क्षार टाकीतच राहतात आणि रोज घट्ट होत जातात, म्हणून दर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करायची, नुसती वरून भरायची नाही. वरच्या नळीची भोकं क्षाराने बुजली की ताटीचा तेवढा पट्टा कोरडा राहतो आणि त्यातून ४५ अंशांची हवा जशीच्या तशी आत येते. ताटीचा चौथा भाग कोरडा म्हणजे थंडाव्याचा चौथा भाग गेला. सुईने भोकं मोकळी करा. आणि समोरची खिडकी उघडी हवी, निदान दोन बाय दोन फूट. दारं-खिडक्या लावून कूलर चालवणारे लोक स्वतःचीच दमट हवा पुन्हा पुन्हा घेत असतात. पत्र्याच्या बॉडीला अर्थिंग, तीन पिनांचा प्लग, मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच), आणि पाणी भरताना प्लग बाहेर. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून चालू कूलरला हात लावणं जिवावर बेततं.

आता या कूलरला तीन किलोमीटर उंच करू.

दुपारी जमीन तापते, हवा वर चढते, पसरते आणि दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी थंड होते. जिथे तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तिथे ढगाचा तळ बसतो. ठोकताळा सोपा आहे. जमिनीवरचं तापमान वजा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते), गुणिले १२५ मीटर. कोकणात भर पावसाळ्यात हा फरक चारेक अंशांचा, म्हणून ढगाचा तळ ५०० मीटरवर, डोंगराला टेकलेला. आपल्याकडे वळवाच्या दिवशी ४२ अंश आणि दवबिंदू १६ असेल तर तळ सव्वातीन किलोमीटरवर. बंगालच्या उपसागराकडून आलेलं थोडंफार बाष्प ढग बांधायला पुरतं, पण त्याखालची हवा कोरडीच राहते.

त्या ढगातून थेंब निघाला की त्याला हे सव्वातीन किलोमीटर पार करायचे असतात. म्हणजे तो कूलरच्या ताटीतूनच चालला आहे, फक्त ताटी तीन किलोमीटर जाड आहे. थेंब उडतो, भोवतालची हवा गार होते. गार हवा जड, म्हणून ती खाली निघते. इथवर सोपं.

पण एक अडचण आहे, आणि सगळी गंमत त्या अडचणीतच आहे. खाली येणारी हवा दाबली जाते आणि दाबलेली हवा तापते, सायकलचा पंप मारताना तापतो तशी. दर किलोमीटरला १० अंश. मग अर्ध्या वाटेत ती भोवतालच्या हवेइतकी गरम होऊन थांबायला नको का? एकटी असती तर तिचा भोवतालशी असलेला फरक वाढला नसता, बाजूची हवा मिसळून ती थांबलीही असती. पण तिच्यासोबत थेंब आहेत आणि ते उडतच राहतात. त्यामुळे तिचं तापणं दर किलोमीटरला १० ऐवजी पाच-सहा अंशांवर रोखलं जाऊ शकतं. भोवतालची हवा मात्र दुपारभर घुसळून निघालेली असते, खाली जाल तशी ती दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी तापतच जाते. परिणाम असा की हवेचा हा लोंढा जसजसा खाली येतो तसतसा आजूबाजूच्या तुलनेत तो अधिकच गार, अधिकच जड होत जातो. ब्रेक लागायच्या ऐवजी वेग वाढतो.

किती? तीन किलोमीटरच्या वाटेवर सरासरी पाच अंशांचा फरक धरू. हवेचं तापमान निरपेक्ष मापात, म्हणजे केल्विनमध्ये, साधारण ३००, म्हणजे लोंढा एक-साठांश जड. गुरुत्वाचा साठावा भाग, ०.१६ मीटर प्रति सेकंद वर्ग, हा त्याचा त्वरण. तीन किलोमीटरनंतर वेग येतो सेकंदाला ३१ मीटर, ताशी ११० किलोमीटरहून जास्त. वाटेत बाजूची हवा मिसळते, सगळेच थेंब वेळेत उडत नाहीत, त्यामुळे यातला अर्धाच उरला असं मानू. तरी ताशी पंचावन्न. वितळणाऱ्या गारांनी भर घातली तर आणखी जास्त.

जमिनीवर आपटल्यावर हा लोंढा फरशीवर ओतलेल्या बादलीसारखा चारी दिशांना पसरतो. पाऊस यायच्या आधी धुळीची भिंत घेऊन येणारं, अंगाला अचानक गार लागणारं वारं ते हेच. टेत्सुया फुजिता या जपानी-अमेरिकी शास्त्रज्ञाने याची उकल केली. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना एक प्रवासी विमान कोसळलं, त्याचा अभ्यास करताना त्याने असा अधोमुखी झोत जबाबदार धरला. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. फुजिता पडलेल्या झाडांचे ठसे वाचायचा. आपणही वाचू शकतो. वादळानंतर वावरात फिरा. चक्राकार वाऱ्यात झाडं गुंतागुंतीने पडतात, झोतात ती एका दिशेला किंवा एका मध्यापासून बाहेरच्या दिशेला, ताटातल्या पाकळ्यांसारखी.

आता आणखी एक कोडं सुटतं. ‘पाणी चार थेंबच आलं, पण वारं घर घेऊन गेलं.’ लोकांना यात विसंगती वाटते. विसंगती नाही, तोच हिशोब आहे. जे पाणी जमिनीपर्यंत पोचलं नाही त्यानेच वारं बनवलं. म्हणून ढगाखाली राखाडी झालरी लोंबताना दिसत असतील आणि त्या अधांतरीच विरत असतील तर ते ‘वांझोटं आभाळ’ म्हणून सोडून देऊ नका. आणि ज्या दिवशी तुमचा कूलर सर्वात झकास चालतो त्या दिवशी आभाळ भरून आलं तर छपराची काळजी सर्वात जास्त करा.

नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांच्या, गोष्टीही याच काळातल्या. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो म्हणून आग ओकतो, असं दरवर्षी छापून येतं. नागपूर २१.१ अंश अक्षांशावर आहे, २६ मेच्या आसपास सूर्य तिथे भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. एवढंच. तो जुलैच्या मध्यात पुन्हा डोक्यावर येतो, तेव्हा ढग आणि ओली जमीन असते म्हणून कोणी नाव घेत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या आकड्यांचंही तेच. ३० मे २०२४ रोजी नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर गाजावाजा झाला. सेन्सर बिघडला होता, हे हवामान खात्याने नंतर सांगितलं. नागपूरचा खरा उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९. तोही काही कमी नाही.

टिनाकडे वळू. वाऱ्याचा दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. ताशी ९० चा झोत म्हणजे सेकंदाला २५ मीटर, दाब ३७५ पास्कल, चौरस मीटरला सुमारे ३८ किलो. पण छपरावर वारं वरून ओढतं, आणि वाऱ्याकडचं दार उघडं असेल तर आतून ढकलतंही. दोन्ही मिळून कडांजवळ दीडपट धरा, सत्तावन्न किलो. दहा बाय तीन फुटी पत्र्यावर हे झाले जवळपास १६० किलो, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं स्वतःचं वजन बारा-तेरा किलो. त्यावर पाच-पाच किलोचे दहा दगड ठेवले तरी शंभर किलोंचा हिशोब बाकी राहतो. मग पत्राही जातो आणि दगडही खाली झोपलेल्यांवर येतात.

पत्रा हुक-बोल्टने छपराखालच्या पाइपाला बांधा. बोल्ट नालीच्या, म्हणजे पत्र्याच्या लाटेच्या, उंचवट्यावर, खोलगटात नाही, कारण तिथून पाणी गळतं. मधल्या भागात तिसऱ्या-चौथ्या नालीवर चालेल, पण पडवीची कड आणि दोन्ही टोकं इथे एकाआड एक नाली. रबरी वॉशर उन्हाने तडकतात आणि बोल्ट सैल होतो, दर चैत्रात वर चढून आवळा. भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त पत्रा काढू नका, त्याच्या खालूनच वारं शिरतं. दोन पत्र्यांची बाजूची चढण दीड नालीची ठेवा.

इतकं करूनही टिनं जातात, पाइपांसकट. नीट पाहिलं तर पत्रा पाइपाला घट्ट असतो, पाइप मात्र भिंतीवर नुसता टेकलेला, वर एक वीट आणि सिमेंटची थापी. १६० किलोची ओढ त्या विटेवर येते. पाइपाला लोखंडी पट्टी वेल्ड करून ती भिंतीत निदान दोन फूट खाली नेऊन काँक्रीटमध्ये अडकवली की मग त्या दोन फुटांच्या भिंतीचं वजन छपराला लागतं. मातीची भिंत असेल तर पट्टी निरुपयोगी. तिथे कोपऱ्यांत खांब पुरून पाइप थेट खांबांना बांधावे लागतात, खांब जमिनीत तीन फूट.

गार झुळूक लागल्यावर हातात बहुधा काही मिनिटंच असतात. वाऱ्याकडची दारं-खिडक्या लावा. खिडकीतला कूलर म्हणजे भिंतीला पडलेलं भोक, त्याचा प्लग काढा आणि मागे फळी लावा. ढोरं मोहाखाली किंवा उघड्या टिनाच्या कोठ्यात बांधलेली असतील तर सोडून द्या. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. तेंदूपत्ता तोडायला गेलेल्यांनी एकट्या उंच झाडापासून दूर, पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं पडू नये. जमिनीतून जाणारा करंट दोन पायांतल्या अंतरातून अंगात शिरतो. चार पायांच्या जनावराचं अंतर जास्त, म्हणून एका विजेत अनेक बकऱ्या दगावतात आणि त्यांच्याजवळचा गुराखी कधी वाचतो. वादळ ओसरल्यावर शिवारात तार पडलेली दिसली तर तिच्याकडे चालत जाऊ नका. तेच पावलांचं अंतर तिथेही मारतं. आधीच जवळ असाल तर पाय न उचलता, एकमेकांना चिकटवून, सरपटत मागे या.