गाझी कशानं बुडाली?

२०१७ साली ‘द गाझी अटॅक’ हा चित्रपट हिंदी आणि तेलुगूत आला. राणा दग्गुबाती, के. के. मेनन आणि आपला अतुल कुलकर्णी यांनी त्यातल्या भारतीय पाणबुडीवरचे अधिकारी रंगवले. १९७१च्या युद्धाच्या तोंडावर ‘एस-२१’ ही आपली पाणबुडी बंगालच्या उपसागरात खोल पाण्यात ‘गाझी’ या पाकिस्तानी पाणबुडीशी झुंजते आणि शेवटी तिला बुडवते, असं त्याचं कथानक. गाझी खरी होती, ती विशाखापट्टणमजवळ बुडाली हेही खरं. पाणबुड्यांची झुंज मात्र झालीच नाही. एस-२१ हा क्रमांक त्या काळी खरोखर आपल्या ‘करंज’ या पाणबुडीचा होता (नाव उरणजवळच्या करंजा बेटावरून आलेलं), पण तिची आणि गाझीची गाठ पडल्याची कुठेही नोंद नाही.

कथेसाठी बदल करायला माझी हरकत नाही. हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गाझीच्या शेवटाची खरी हकीकत या झुंजीपेक्षा कितीतरी थरारक आहे आणि तिच्यात विज्ञानही ठासून भरलेलं आहे.

आधी ती झुंज तपासू. पाण्याखाली खिडकी नसते, दिवा लावून काही दिसत नाही. सगळा कारभार कानांवर चालतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगानं जातो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. पण तो सरळ जात नाही. पाण्याचं तापमान, क्षारता आणि दाब बदलला की त्याचा वेग बदलतो आणि वाट वाकते. बंगालच्या उपसागरात तर गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचं गोडं पाणी वरच्या थरात पसरलेलं असतं. अशा थराखाली दडलेल्या पाणबुडीचा आवाज वरच्या जहाजाला धड ऐकू येत नाही. ऐकू आला तरी नुसत्या ऐकण्यातून दिशा कळते. अंतर आणि खोली ताडावी लागते. आपण ‘पिंग’ (ध्वनीचा छोटा ठोका) पाठवून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजावं, तर शत्रूला आपलाच पत्ता लागतो.

म्हणूनच बुडी मारलेल्या एका पाणबुडीनं बुडी मारलेल्या दुसऱ्या पाणबुडीला लढाईत बुडवल्याची जगाच्या इतिहासात एकच पक्की नोंद आहे. ९ फेब्रुवारी १९४५ रोजी नॉर्वेच्या फेडये बेटाजवळ ब्रिटिश ‘व्हेंचरर’नं जर्मन ‘यू-८६४’ बुडवली. ही जर्मन पाणबुडी जपानसाठी सुमारे ६७ टन पारा घेऊन निघाली होती आणि तिचं इंजिन बिघडून मोठा आवाज करत होतं. व्हेंचररचा कप्तान जिमी लाँडर्स कित्येक तास तिच्या मागं राहून तो आवाज ऐकत राहिला. ती नागमोडी चालली होती. तिच्या वळणांचा ठेका त्यानं ओळखला, पुढच्या वळणाला ती कुठं आणि किती खोल असेल याचं गणित मांडलं आणि काही सेकंदांच्या अंतरानं, वेगवेगळ्या खोलीवर चार टॉर्पेडो सोडले. पहिले तीन तिनं चुकवले, चौथा बसला. चित्रपटात बिघडलेली एस-२१ नुसती वर-खाली होत टॉर्पेडो चुकवते. टाक्यांत पाणी घेऊन किंवा हवेनं ते बाहेर ढकलून दोन हजार टनांची पाणबुडी खाली-वर होते हे खरं, पण इतकं वस्तुमान हलायलाच वेळ लागतो. पडद्यावरची चपळाई तिच्या अंगात नसते.

आता खरी गाझी. मूळची अमेरिकेची ‘डायब्लो’, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी बांधलेली, १९६४ साली पाकिस्तानला भाडेपट्ट्यानं मिळालेली. लांबी ९५ मीटर. १४ नोव्हेंबर १९७१ला ती कराचीहून निघाली आणि सबंध द्वीपकल्पाला वळसा घालून पूर्व किनाऱ्यावर आली. हिंदी महासागरात इतका लांब पल्ला मारू शकेल अशी पाकिस्तानकडे तेव्हा तीच एक पाणबुडी होती. लक्ष्य होतं आपली विमानवाहू नौका ‘विक्रांत’, आणि जोडीला विशाखापट्टणमच्या तोंडाशी पाणसुरुंग पेरायचं काम. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे तिचा वेग मंदावलेला. ती गाझीच्या तावडीत सापडली असती तर कठीण होतं. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी तिला गुपचूप अंदमानकडे पाठवलं आणि ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेला विक्रांतच्या थाटात बिनतारी संदेश पाठवायला सांगितलं. गाझी त्या संदेशांच्या मागावर विशाखापट्टणमला आली. पडद्यावर हा डाव सविस्तर यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास राजपूत बंदरातून बाहेर पडत होती. पुढे पाण्यावर संशयास्पद खळबळ दिसली. पाणबुडी बुडी मारत असावी असं वाटून राजपूतनं तिथं दोन डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकले. काही मिनिटांनी समुद्रात प्रचंड स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी मच्छीमारांना तरंगणारे अवशेष सापडले, मग नौदलाचे पाणबुडे खाली उतरले. गाझीवरचे नव्वदहून अधिक नौसैनिक गेले होते. एकही वाचला नाही.

भारताच्या अधिकृत म्हणण्यानुसार गाझी राजपूतनं बुडवली. पाकिस्तानच्या मते ती स्वतःच पेरलेल्या सुरुंगावर गेली किंवा आतल्या स्फोटानं संपली. तिन्ही शक्यतांमागे ठोस पदार्थविज्ञान आहे.

डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकांचा पिंप. ठरवलेल्या खोलीवर पाण्याचा दाब पुरेसा झाला की तो फुटतो. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे धक्का फार कमी न होता पुढे जातो. तरी पाणबुडीचं जाड पोलादी कवच फोडायला दुसऱ्या महायुद्धातला डेप्थ चार्ज साधारण सहा ते दहा मीटरच्या आत फुटावा लागे. दोनच डेप्थ चार्ज, तेही अंदाजानं टाकलेले. नेम लागणं अशक्य नव्हे, पण नशिबाची साथ हवी. शिवाय त्यांचा स्फोट आणि मोठा स्फोट यांच्यात काही मिनिटं गेली. यावरून वेगळाच विचार पुढे येतो. धक्क्यानं किंवा घाईत खाली जाताना गाझी तळाला अथवा आपल्याच सुरुंगाला टेकली असेल, किंवा आत काहीतरी पेटून टॉर्पेडो आणि सुरुंगांचा साठा उडाला असेल. कवचाचा पुढचा भाग आतून बाहेर फाटल्यासारखा दिसतो, असं सांगितलं जातं, ते या विचाराला पूरक आहे.

आत पेटायला काय होतं? हायड्रोजन. डिझेल पाणबुडी बुडी मारून फक्त विजेवर चालते आणि ती वीज शिसं-आम्लाच्या बॅटऱ्यांतून येते. गाझीच्या वर्गातल्या पाणबुड्यांत असे २५२ मोठे सेल होते. रात्री हवेसाठी एक नळी वर काढून किंवा पृष्ठभागावर येऊन डिझेल इंजिनानं ते चार्ज करायचे. चार्जिंग संपत आलं की सेलमधल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांच्या वर गेलं की एक ठिणगी पुरते. म्हणून बॅटरीच्या कोठारात वायुवीजन सतत चालू ठेवावं लागतं. हा धोका पुस्तकी नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये याच विशाखापट्टणमला आपल्या ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत बॅटरीतून हायड्रोजन गळून आग लागली आणि एका नौसैनिकाचा जीव गेला. हीच सिंधुरक्षक १४ ऑगस्ट २०१३ला मुंबईच्या नौदल गोदीत पुढच्या टॉर्पेडो कक्षातल्या स्फोटांनी बुडाली. अठरा जण गेले. शत्रू जवळपास नसताना, गोदीत उभी असलेली पाणबुडी अशी जाऊ शकते, तर जुन्या, जवळपास तीन आठवडे समुद्रात राबलेल्या गाझीच्या बाबतीत ही शक्यता सहज झटकून टाकता येत नाही.

गाझी बुडवल्याचं श्रेय राजपूतला द्यावं की देऊ नये, यावर दोन्ही देशांत अजून वाद झडतात. मला त्यातलं एक पक्कं वाटतं. गाझीला त्या उथळ, धोक्याच्या पाण्यात विशाखापट्टणमच्या दारात आणून ठेवलं ते कृष्णन यांच्या डावानं. शेवटचा स्फोट कशाचाही असो, विक्रांत तोवर शेकडो मैल दूर होती आणि पुढच्या काही दिवसांत तिच्यावरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावच्या बंदरांवर हल्ले चढवले.

युद्धानंतर अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनीही गाझी स्वखर्चानं वर काढून देण्याची तयारी दाखवली होती, असं सांगतात. भारतानं ती नाकारली. पोलाद कुठल्या बाजूला वळलंय, बॅटरीचं कोठार कसं फाटलंय, सुरुंग किती शिल्लक आहेत, हे एखाद्या धातुतज्ज्ञानं शांतपणे पाहिलं तर बहुतेक प्रश्न सुटतील. तोवर गाझी विशाखापट्टणमच्या समुद्रतळाशीच आहे.