विरुद्ध संख्या आणि गुणाकार व्यस्त: एक 'उलट', दोन अर्थ

'−२/५ ही संख्या उलट करा' असे सांगितले, तर वर्गातून तीन उत्तरे येऊ शकतात: २/५, −५/२ आणि ५/२. पहिली दोन आपापल्या अर्थाने बरोबर आहेत, तिसरे मात्र कोणत्याच अर्थाने नाही. यात दोष मुलांपेक्षा 'उलट' या शब्दाचा अधिक आहे, असे मला वाटते, कारण तो दोन निराळ्या क्रियांसाठी सर्रास वापरला जातो.

मूळ संख्येत जी मिळवली असता बेरीज ० येते, ती तिची विरुद्ध संख्या. ऋण म्हणजे कर्ज; दीडशे रुपयांचे कर्ज दीडशे रुपयांनीच फिटते आणि खाते शून्यावर येते. म्हणून −२/५ ची विरुद्ध संख्या २/५. येथे चिन्ह तेवढे बदलते, अंश आणि छेद जागचे हलत नाहीत.

गुणाकार व्यस्ताचे मुक्कामाचे ठिकाण ० नसून १ आहे. मूळ संख्येला त्याने गुणले की गुणाकार १ यायला हवा. पाव लिटरच्या मापाने एक लिटर दूध मोजायला चार मापे लागतात, म्हणून १/४ चा व्यस्त ४, आणि दीड लिटरला दीड गुणिले चार, म्हणजे सहा मापे. अंश-छेदांची अशी अदलाबदल करताना चिन्हाला हात लावायचा नसतो, कारण ऋण संख्येला धन संख्येने गुणून धन १ कधीच मिळत नाही. −२/५ ला ५/२ ने गुणले तर −१ येतो, आणि ते तिसरे उत्तर येथेच बाद होते.

दोन्हींचा उपयोगही वेगळा आहे. वजाबाकी म्हणजे विरुद्ध संख्या मिळवणे. भागाकार म्हणजे व्यस्ताने गुणणे. ३/४ मधून −२/५ वजा करताना ३/४ मध्ये २/५ मिळवावे लागतात आणि उत्तर २३/२० येते. ३/४ ला −२/५ ने भागताना मात्र −५/२ ने गुणायचे असते आणि उत्तर −१५/८ येते. भाजकाच्या अंश-छेदांची अदलाबदल करून पुढे गुणाकाराचीच रीत वापरावी, हा नियम भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत दिला आहे.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकात घसरण्याचा धोका अधिक असतो. उणे सव्वादोन म्हणजे −२ मध्ये पाव मिळवणे नव्हे. उणे चिन्ह अख्ख्या सव्वादोनला लागू होते, म्हणून आधी −९/४ असे लिहावे आणि मगच व्यस्त −४/९ काढावा. (आपल्या 'पावणेदोन'मध्ये तर वजाबाकी शब्दातच दडलेली आहे: दोनला पाव उणा.)

लहान-मोठेपणाच्या बाबतीत हे दोघे काही काळ सारखेच वागतात, म्हणून फसगत होते. २ पेक्षा ३ मोठे, पण −३ हे −२ पेक्षा लहान आणि १/३ हेही १/२ पेक्षा लहान. क्रम दोन्हीकडे उलटला. आता −२ आणि ३ घ्या. विरुद्ध संख्या २ आणि −३ यांचा क्रम उलटतो, पण व्यस्त −१/२ आणि १/३ यांचा क्रम होता तसाच राहतो.

शून्याची विरुद्ध संख्या शून्यच असते. त्याला व्यस्त मात्र नाही, कारण शून्याला कशानेही गुणले तरी १ येत नाही. छेदात शून्य असलेल्या राशीला भास्कराचार्यांनी 'खहर' असे वेगळे नावच दिले होते.